हे कोणी पास केलं?

आमच्याकडे राहायला आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी तावड्यांनी माझी पोळी रिजेक्ट केली. ताटातून उचलली, ट्यूबलाइटसमोर धरली, कडेकडेने गोल फिरवली आणि मोठी अफरातफर सापडल्यासारख्या चेहऱ्याने मला विचारलं, "वहिनी, हे कोणी पास केलं?"

पोळी मीच लाटली होती, मीच भाजली होती, तेव्हा पासही मीच केली होती. ऑफिसातून साडेसहाला येऊन पर्स खाली ठेवायच्या आधी कणीक मळायला घेणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारायचा म्हणजे माणसाला छाती हवी. "या बाजूला दोन मिलिमीटर, त्या बाजूला चार," तावडे म्हणाले. "लोड आला की इथून फाटणार." आणि ती मेली आमटीत बुडवल्याबरोबर नेमकी तिथूनच फाटली. मला जास्त राग त्याचा आला.

अनंत तावडे हे आमचे पोटभाडेकरू. शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट होता आणि त्यातली एक खोली एखाद्या एकट्या, सज्जन माणसाला द्यायची ही तिकडची सरसकट रीत होती. बायकामुलं गावी ठेवून आलेले पुरुष तिथे पोत्याने मिळायचे, त्यातला सज्जन ओळखणं तेवढं आपलं काम. ते काम माझ्या नवऱ्याने, श्रीधरने केलं. श्रीधर स्वतः नोकरीपायी आठवडाभर अबुधाबीला असायचा, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा आणि शनिवारी उजाडायच्या आत परत जायचा. म्हणजे माणूस निवडला त्याने आणि भोगला मी.

तावडे एका काँट्रॅक्टिंग कंपनीत क्यूसी इन्स्पेक्टर होते. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची, हीच त्यांची नोकरी. कणकवलीकडचा गवंड्याचा मुलगा, आयटीआय करून, साइटवर उन्हं खाऊन त्या जागेवर पोचलेला, त्यामुळे त्यांना कोणी फसवू शकत नसे. ते सगळं मान्य. पण दिवसभर चुका काढायचा पगार घेणारा माणूस घरी आल्यावर तेच काम फुकटात कशाला करतो, ते मला कधी कळलं नाही. शर्टाच्या खिशात गवंड्यांची असते तसली एक वीतभर लेव्हल कायम असायची, काचेच्या नळीत बुडबुडा हलतो ती. ती लावून त्यांनी आमचा फ्रीज अडीच मिलिमीटर झुकल्याचं सिद्ध केलं, गॅसची शेगडी उतरती ठरवली, देवघरातला गणपती डावीकडे कलल्याचं मला सांगितलं आणि देवाला खाली पुठ्ठा सारून सरळ केलं. लिफ्टच्या दारापासून टीव्हीवरच्या बातम्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीला त्यांचा एकच प्रश्न, हे कोणी पास केलं? एकदा संकष्टीला ढगांमुळे चंद्र दिसेना, तेव्हाही गॅलरीत उपाशी उभे राहून त्यांनी आकाशाकडे बघत हाच प्रश्न विचारला होता.

माझी मुलं मात्र त्यांच्यावर लट्टू. मिहिर नऊ वर्षांचा, केतकी सहाची. मी मराठीतून दहा वाक्यं बोलले की मला इंग्रजीतून एक उत्तर मिळायचं, तेही टीव्हीवरची नजर न हलवता. तावडे नुसते घसा खाकरले तरी दोघं उठून उभी राहायची.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एकच विषय चालू होता. मिहिरला सांगलीला पाठवायचं की नाही. खरं म्हणजे पाठवायचं असं ठरलंच होतं. तो अडीच वाजता शाळेतून यायचा, गळ्यातल्या किल्लीने दार उघडायचा, केतकीला आत घ्यायचा आणि मी येईपर्यंत दोघं एकटी असायची. अभ्यासाच्या नावाने आनंद होता, मराठी वाचायचं म्हटलं की पोटात दुखायचं. सांगलीला सासूबाई, सासरे, दोन गल्ल्यांवर चांगली शाळा. सासूबाईंनी प्रवेशाचा फॉर्मही पाठवला होता, तो महिनाअखेरीच्या आत सह्या करून परत जायला हवा होता. फॉर्म फ्रीजवर पडून होता. त्याच्याकडे बघून मला रडू यायचं, रडून झालं की श्रीधरचं म्हणणं पटायचं आणि पटलं की पुन्हा रडू यायचं.

अशात पाऊस पडला.

तिकडे हिवाळ्यात दोन-चार वेळा पडतो, नाही असं नाही, पण रस्त्यांना गटारं नसल्यामुळे पडलेलं पाणी जाणार कुठे? त्या जानेवारीत गुरुवारी दुपारी सुरू झाला तो शुक्रवारभर पडला. शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आमच्या टॉवरखाली तळं झालं होतं आणि गाड्या दारापर्यंत बुडून उभ्या होत्या. शाळेतून फोन आला, तळमजल्यावरचे वर्ग भिजलेत, बस निघू शकत नाहीत, शाळा पुढच्या शनिवारी. मी ऑफिसात फोन केला तर आमच्या साहेबांनी मला शांतपणे समजावलं की पाणी रस्त्यावर आहे, ऑफिसात नाही, तेव्हा यल्ला, म्हणजे निघा. पावसामुळे श्रीधर त्या गुरुवारी आलाच नव्हता, म्हणून मी अबुधाबीला फोन केला. श्रीधर तिकडे कोरड्या गादीवर बसून म्हणाला, "बघ, म्हणूनच म्हणतो. तो सांगलीला असता तर हा प्रश्नच आला नसता." उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण मी लहानपणी पाठ केली होती, उंटांच्या देशात जाऊन ती अशी कळायची होती.

फोन मी हॉलमधून केला होता, आणि हॉलमध्ये बोललेलं तावड्यांच्या खोलीत स्वच्छ ऐकू जायचं, कारण मधली भिंत जिप्समची होती, जी त्यांनी पहिल्याच दिवशी रिजेक्ट केलेली होती. ते टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. त्यांच्या साइटवर बेसमेंटचा खड्डा काठोकाठ भरला होता, पंप आठ दिवस चालणार होते, त्यामुळे स्वारी घरीच. त्यांनी फ्रीजवरचा फॉर्म न विचारता उचलला, चष्मा लावला, पुढून वाचला, मागून वाचला.

"हे कोणी पास केलं?"

"आम्ही," मी म्हटलं.

"दोघांनी?"

मी हो म्हटलं. त्यांनी फॉर्म जागेवर ठेवला आणि अत्यंत चिडलेल्या आवाजात मला काँक्रीटची माहिती द्यायला सुरुवात केली. स्लॅब टाकताना त्याच मालाचे ठोकळे करून ठेवतात, त्यांना क्यूब म्हणतात, आणि सातव्या दिवशी एक क्यूब मशीनखाली चिरडून बघतात की माल किती ताकदीचा आहे. क्यूब कच्चा निघाला तर स्लॅब फोडतात, पण तो चिरडून बघितल्याशिवाय कोणी स्लॅब फोडत नाही. "तुम्ही टेस्ट न घेताच स्लॅब फोडायला निघालात. साइट बंद आहे, सात दिवस शाळा मी घेतो. शुक्रवारी टेस्ट. पोरगा फेल झाला तर खुशाल पाठवा."

माझा मुलगा म्हणजे ठोकळा नव्हे, हे मी त्यांना सुनावणार होते. पण खाली ऑफिसच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या आणि माझी दोन मुलं एका माणसाच्या ताब्यात देऊन त्या तळ्यात उतरले.

संध्याकाळी आले तर मुलं दोनाची चार झाली होती. समोरच्या फ्लॅटमधल्या लीलाम्मा नर्स होत्या, पावसाने हॉस्पिटल बंद होत नाही, त्यामुळे त्यांचे जिजो आणि जिनीही तावड्यांनी दाखल करून घेतले होते. चौघांच्या नावाचा तक्ता दारामागे चिकटवला होता, त्यावर आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ आणि सह्या. शाळा नव्हती ती, साइट होती. रोज एकजण फोरमन, त्याच्या डोक्यावर तावड्यांचं पिवळं हेल्मेट, जे केतकीच्या नाकापर्यंत यायचं. डायनिंग टेबल लेव्हल लावून आधीच रिजेक्ट झालं होतं, म्हणून सगळे जमिनीवर.

आणि वह्या. मी मिहिरची वही उघडली आणि माझं रक्त उसळलं. पानभर लाल पेन. गणितं बरोबर होती, तरी शेरा होता, "रिजेक्टेड. कारण: आठच्या आकड्याचं पोट फुटलेलं. तोडून पुन्हा बांधणे." माझ्या पोराने एकच आठ चाळीस वेळा काढला होता. मी म्हटलं, अहो, उत्तर बरोबर आहे ना? ते म्हणाले, बिल्डिंग पडते तेव्हाही हिशेब बरोबरच असतो.

दुसरा जाच बिस्किटांचा. साइटवर सिमेंटची गोणी हवी असली तरी स्टोअरला लेखी अर्ज द्यावा लागतो, म्हणून आमच्या घरात बिस्किटाला लेखी अर्ज सुरू झाला, आणि तो मराठीत. आणलेली बिस्किटं माझी, डबा माझा, मुलं माझी, आणि स्टोअरकीपर हे. मिहिरचा पहिला अर्ज मी अजून ठेवला आहे. "माननीय काका, एक बिस्किट द्या. कारण मला पोट रिकामा झाला आहे. आपला विश्वासू मिहिर." हा अर्ज तीनदा परत आला. चौथ्यांदा बिस्किट मंजूर झालं तेव्हा ते त्याने अर्धं खाल्लं आणि अर्धं मला दाखवायला ठेवलं. जन्मात पहिल्यांदा मराठी लिहून त्याला काहीतरी मिळालं होतं. मला हे चांगलं वाटलं असं मी तेव्हा कबूल केलं नसतं.

रविवारी त्यांनी चौघांकडून सगळा फ्लॅट मोजून घेतला. हॉलचे चार कोपरे काटकोनात नाहीत, एका बाजूने अकरा सेंटिमीटरची तफावत आहे, असं निघालं. लगेच मुलांनी नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या रखवालदाराला, तक्रारअर्ज दिला. तो बिचारा पेशावरकडचा म्हातारा पठाण, गुडघाभर पाण्यात झाडू घेऊन उभा. त्याने अर्ज उलटा धरला, सुलटा धरला आणि इन्शाल्ला म्हणून खिशात घातला. सोमवारी गॅलरीतून दोरी सोडून खालच्या पाण्याची खोली मोजली आणि रस्ता कोरडा करायला किती टँकर लागतील याचा गुणाकार चालला. त्यात मुलांना दिसलं की टँकर आमच्या दारातलं पाणी ओढतो आणि पलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये सोडतो, आणि प्लॉटला उतार आमच्याच दाराकडे. हे बघून तावडे इतके संतापले की शाळा अर्धा तास बंद राहिली. गॅलरीत उभी राहून चारही मुलं टँकरवाल्याला एका सुरात विचारत होती, हे कोणी पास केलं? त्यातली दोन मल्याळी.

लीलाम्मांची तक्रार वेगळीच होती. जिजो घरी झोपेत बे दुणे चार म्हणतो, चर्चमध्ये फादरना त्याने बाकाला लेव्हल नसल्याचं सांगितलं. पण त्या बाईला हसू आवरत नव्हतं. माझं तसं नव्हतं. मला रोज घरी आल्यावर माझ्याच घरात परवानगीने शिरल्यासारखं वाटायचं.

मंगळवारी मात्र कहर झाला. त्या दिवशी गाडी अर्ध्या रस्त्यात बंद पडली, मी कमरेपर्यंत भिजून, थंडीने कुडकुडत घरी पोचले. तिकडची थंडी तशी लाजाळू, पण ओल्या कपड्यांत हाडांत शिरते. दार उघडलं तर हॉलमध्ये अंधार, पडदे ओढलेले, आणि जमिनीवर चारही मुलं ओळीने उताणी पडलेली, हालचाल नाही, प्रत्येकाच्या कपाळावर ओला नॅपकिन. तावडे खुर्चीवर घड्याळ धरून बसलेले. माझ्या मागून ड्यूटीवरून परतलेल्या लीलाम्मा डोकावल्या आणि "दीदी, सबको बुखार?" म्हणत त्यांनी पर्समधून थर्मामीटर काढला.

ताप कोणालाच नव्हता. ते क्युअरिंग होतं. नवीन काँक्रीटवर ओलं गोणपाट टाकून ते सतत भिजत ठेवतात, नाहीतर आतून तडे जातात, तसं तेराचा पाढा पाठ केल्यावर डोकं वीस मिनिटं ओलं ठेवलं की पाढा आत बसतो, असा तावड्यांचा शोध होता. जानेवारी महिना. केतकी दोनदा शिंकली. एवढा पुरावा मला पुरेसा होता.

मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. माझ्या घराची साइट केलीत, मुलांना मजूर केलंत, उद्यापासून हे सगळं बंद, इथपर्यंत ठीक होतं. पण राग आला की माझी जीभ शोधून शोधून नको तिथे जाते. मी म्हटलं, "तुम्हाला मुलं वाढवायचा अनुभव तरी काय आहे, तावडे?"

त्यांना एक मुलगी होती, सायली, गावी आईजवळ. मला ते ठाऊक होतं. दर शुक्रवारी ते कार्ड घेऊन खाली फोनवर जायचे, तेव्हा केतकी तिला हॅलो सांगायला लावायची. तावड्यांनी चारही नॅपकिन गोळा केले, पिळले, गॅलरीत वाळत घातले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जेवायलाही आले नाहीत. मी केलेल्या पोळ्या त्या दिवशी कोणी तपासल्या नाहीत.

बुधवारी सकाळी पुन्हा ऑफिसची गाडी खाली, पुन्हा शाळा बंद, पुन्हा श्रीधर अबुधाबीत. अडला हरी, दुसरं काय. मी तावड्यांचं दार वाजवलं. माफी मागायला मला जड जातं, म्हणून मी एवढंच म्हटलं की नॅपकिन कोरडे ठेवाल तर माझी हरकत नाही. त्यांनी मान हलवली. दारामागच्या तक्त्यावर मुलांच्या आणि त्यांच्या सह्या आधीच झालेल्या होत्या.

गुरुवारी संध्याकाळी श्रीधर आला, बूट हातात, पँट दुमडलेली, आणि दारातूनच फॉर्मबद्दल बोलायला लागला. ऑफिसातलं कोणीतरी रविवारी सांगलीला निघालं होतं, त्याच्या हाती देऊन टाकू म्हणाला. त्याने पेन काढलंही. मी म्हटलं, उद्या टेस्ट आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं की तुलाही या माणसाने पाणी पाजलं वाटतं.

शुक्रवारी सकाळी टेस्ट झाली. पाढे, शुद्धलेखन, क्षेत्रफळ आणि पंधरा ओळींचं मराठी वाचन. मिहिर तेराच्या पाढ्यात तेरा सातीला जरा अडखळला, वाचताना घामाघूम झाला, पण शेवटच्या ओळीपर्यंत पोचला. चौघांच्या वह्यांवर तावड्यांनी सही केली. लाल पेनाने फक्त "पास" लिहिलं होतं आणि तारीख. मुलं ओरडत खाली पाणी बघायला पळाली. श्रीधर कौतुकाने हसला, म्हणाला, छान, छान, आणि फॉर्म पुढे ओढला.

"थांबा," तावडे म्हणाले. "तुमचा पेपर राहिला."

त्यांनी खिशातून दोन कागद काढले, एक श्रीधरसमोर ठेवला, एक माझ्यासमोर. दहा प्रश्न, त्यांच्या त्या कोरीव अक्षरात. मिहिरचा सध्या कोणता दात हलतो आहे? शाळेच्या बसमध्ये तो कोणाशेजारी बसतो? त्याला कशाची भीती वाटते? दुपारी घरात शिरल्यावर तो पहिलं काय करतो? उशीखाली काय ठेवतो? असेच. मला हे इतकं आगाऊपणाचं वाटलं की मी कागद फाडणार होते, पण उत्तरं येत होती म्हणून लिहायला लागले. श्रीधरने आधी हसून लिहायला सुरुवात केली, मग तो पेन चावायला लागला.

मला आठ मिळाले. एक प्रश्न मला अजिबात आला नाही. तुमची वाट बघताना तो कुठे उभा राहतो? ही साइट सुरू होण्याआधी मी ज्या ज्या वेळी घरी आले होते, त्या त्या वेळी तो सोफ्यावर होता, टीव्हीसमोर. तावड्यांनी उत्तर सांगितलं. बाथरूममध्ये, बादली पालथी घालून, त्यावर. त्या झरोक्यातूनच फक्त वळणावरची ऑफिसची गाडी दिसते. गाडी दिसली की उतरून सोफ्यावर येऊन बसतो. गुरुवारी तासभर आधी उभा राहतो, बापाची गाडीही तिथूनच दिसते म्हणून.

श्रीधरला तीन मिळाले. तो चिडला. "तावडे, हा काय पोरखेळ आहे? मी आठवडाभर तिकडे असतो. मला हे सगळं कसं माहीत असणार?"

"तुम्ही दोन तासांवर आहात, साहेब," तावडे म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "हा पेपर मी आधी माझ्या सायलीवर सोडवला. दहापैकी एक आला, तोही अंदाजाने. वर्षाची होती, तेव्हा मी आलो. अकरा वर्षं झाली. दोन वर्षांनी महिनाभर जातो. पहिले पंधरा दिवस ती आईच्या मागे लपते, मग कुठे बोलायला लागते तर माझी फ्लाइट. फोनवर विचारतो, अभ्यास केलास का. ती म्हणते हो. पुढे काय विचारायचं ते मला सुचत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी, त्या दिवशी तुम्ही बरोबर बोललात. मला अनुभव नाही. म्हणून सांगतो, पाठवू नका."

श्रीधरने त्या फॉर्मवर सही केली नाही. पेनाचं टोपण लावलं आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ त्या झरोक्यातून बाहेर बघत उभा राहिला. सासूबाई वर्षभर आमच्याशी धड बोलल्या नाहीत. श्रीधरला दुबईत नोकरी मिळायला पुढे दीड वर्ष गेलं आणि तोपर्यंत आमची ओढाताण व्हायची ती झालीच. पण मिहिर गेला नाही.

तावड्यांनी तोच पेपर, प्रश्नांतलं नाव बदलून, कणकवलीला जाणाऱ्या एकाबरोबर गावी पाठवला. उत्तर मार्चअखेर आलं. शुक्रवार होता, आम्ही सगळे चहाला बसलो होतो. त्यांनी पाकीट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, तुम्ही वाचा, माझा चष्मा सापडत नाही. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी मोठ्याने वाचलं. "बाबा, मी बारा वर्षांची आहे, माझे दुधाचे दात केव्हाच पडून झाले. मी बसने जात नाही, चालत जाते. मला विहिरीची भीती वाटते. तुमची वाट मी कुठेच उभी राहून बघत नाही, कारण तुमची तारीख आधीच ठरलेली असते." अशी दहाच्या दहा उत्तरं होती, क्रमांक घालून. त्याखाली रेघ मारली होती आणि लिहिलं होतं, "आता तुमचा पेपर. तुम्ही चहात साखर किती घालता? तुम्ही घोरता का? तुम्हाला कोणती भाजी आवडत नाही? तुम्हाला कशाची भीती वाटते? तुम्ही रागावलेले नसता तेव्हा कसे दिसता?"

"दोन चमचे," मिहिर म्हणाला. "आणि दुधी. आणि पालीला घाबर—"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. केतकीला दुसऱ्या हाताने उचललं आणि दोघांना घेऊन स्वयंपाकघरात गेले, दार लोटून घेतलं. मला फार लाज वाटत होती. त्या पोरीला जे विचारावं लागत होतं, ते माझ्या घरात कपबशा विसळलेल्या पाण्यासारखं सांडलेलं होतं, आणि मी दोन वर्षं त्याच्यावर नुसती चिडत होते.

मग तावड्यांनी आतल्या दिशेने विचारलं, "वहिनी, मी रागावलेला नसतो तेव्हा कसा दिसतो?"

मी दार उघडून बघितलं. ते कागद मांडीवर घेऊन, चष्मा हातात धरून बसले होते.

"आत्ता दिसताय तसे," मी म्हटलं.